मांडीसंगणकाची गोदी

कार्यालयातल्या प्रत्येक तांत्रिक कर्मचाऱ्यास एक सडपातळ लॅपटॉप देण्यात यावा असा निर्णय झाला, तेव्हा त्याला भोके किती असावीत हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. जाडी किती असावी यावर मात्र दोन बैठका झाल्या. वाटपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी तो लॅपटॉप दोन बोटांच्या चिमटीत धरून सर्वांना दाखवला आणि म्हणाले, "बघा, आहे की नाही प्रगती?" सर्वांनी ती पाहिली. प्रगतीच्या डाव्या अंगाला एकच भोक होते. वीज आत जाणार त्यातून, चित्र बाहेर येणार त्यातून, माहितीची ये-जा त्यातूनच. लग्नघराला एकच दार असावे आणि वरात, आचारी व रुसलेले पाहुणे यांनी एकाच वेळी त्यातून ये-जा करावी, तशी ती योजना होती.

बांधकाम खात्याच्या त्या कार्यालयात एक कनिष्ठ अभियंता होते. त्यांचे आडनाव काही वेगळेच होते, पण सगळे त्यांना भेगाडे म्हणत. त्यांना जाईल तिथे भेगा दिसत. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला बोलावले तरी हे फीत सोडून भिंतीकडे बघत उभे. अशा माणसाला पुलांच्या तपासणीवर नेमणे योग्यच होते, आणि त्याचे कोणी ऐकत नसे हेही तितकेच रीतीला धरून होते.

शहरातल्या कालव्यावर एक जुना पादचारी पूल होता. भेगाडे कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याच्या पोटाखाली गेले, तेव्हा मधल्या तुळईला आरपार भेग गेलेली त्यांना दिसली. बाजूने तिची पिल्लेही निघाली होती. त्यांनी फोटो काढले आणि लॅपटॉपमध्ये भरले. आता काम एवढेच राहिले होते, की ते फोटो सुरक्षा समितीला दाखवायचे आणि पूल बंद करून घ्यायचा.

त्यांच्या जिवाला घोर लागण्याचे कारण घरात होते. सासूबाई त्यांच्याकडेच राहत. रोज सकाळी त्या मैत्रिणींबरोबर फिरायला जात, आणि चालून दम लागला की सगळ्या जणी बरोबर पुलाच्या मध्यावर थांबून गप्पा मारत.

"आई, पुलावर उभ्या राहू नका. निदान सगळ्या एकदम नको," भेगाडे म्हणाले.

"मग कुठं उभं राहू? तुमच्या दिवाणखान्यात? तिथं तुमचे नकाशे बसलेले असतात."

"पुलाला भेग गेलीय."

"जावईबापू, पंचवीस वर्षं जातेय मी त्या पुलावरनं. मी जाड झाले, पण पूल कधी काही बोलला नाही."

"आता बोलतोय."

"तुमच्याशी बोलत असेल. तुमच्याशी भिंतीपण बोलतात." मग त्यांनी मुलीकडे वळून जावयाला ऐकू जाईल असे हळूच सांगितले, "माणूस चांगलाय गं, पण स्वभाव फार बारीक."

समितीची बैठक भरली. नव्या कागदरहित धोरणानुसार फोटो छापायला बंदी होती. जे काही पाहायचे ते भिंतीवरच्या पडद्यावर. भेगाड्यांनी प्रोजेक्टरची केबल उचलली आणि तिथेच थबकले. केबलचे तोंड रुंद, लॅपटॉपचे भोक चिमुकले. शिपायाने जरा जोर लावून पाहिला. जोर लावण्यासारखी ती जागा नव्हती.

"साहेब, मी लॅपटॉपच फिरवतो ना सगळ्यांपुढून," भेगाडे म्हणाले.

"तसं चालणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "समितीनं एकत्रितपणे पाहायला हवं. एकेकानं पाहिलं तर ते खाजगी पाहणं होतं."

"मग फोनवर—"

"फोन तुमचा आहे. पूल सरकारी आहे."

"मेल करतो."

"भेग ही संवेदनशील माहिती आहे. ती अशी इकडे तिकडे पसरवायची नसते." अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "भेगाडे, तुळई तुटली म्हणून तुम्ही आम्हाला घाबरवता, आणि इथं तुम्हाला एक भोक जुळवता येत नाही. पुढच्या बैठकीत बघू."

भेगाडे तडक बाजारात गेले. संगणकाच्या सामानाचे दुकान चालवणारा इसम काउंटरवर हात टेकून उभा होता.

"याच्यातून पडद्यावर चित्र न्यायचंय," भेगाड्यांनी लॅपटॉप पुढे केला.

दुकानदाराने नाडी बघावी तसे ते भोक बघितले. "हे नक्की कुठलं आहे?"

"म्हणजे? एकच तर आहे."

"आकार एकच असतो हो सगळ्यांचा. काहींतून नुसतं चार्जिंग होतं. काहींतून डेटा पण जातो. काहींतून चित्र पण जातं. बाहेरून सगळी सारखीच."

"मग ओळखायचं कसं?"

"घेऊन जायचं. नाही चाललं की ओळखलं."

मग त्याने एकेक वस्तू काढून मांडायला सुरुवात केली. "हा अ‍ॅडॉप्टर. एकाचं एक करून देतो, साधा माणूस. हा हब. एकाचे चार करतो, पण चौघं एकमेकांच्या ताटातलं खातात. एकानं जास्त घेतलं की दुसरा उपाशी. आणि हा डॉक. याचे सहा. हा स्वतःचा डबा घेऊन येतो, लॅपटॉपलाही भरवतो."

"मला फक्त चित्र पाहिजे. अ‍ॅडॉप्टर द्या."

"चित्र चालू असताना चार्जिंग कुठून करणार? भोक तर अ‍ॅडॉप्टरनं अडवलं. बॅटरी किती वेळ टिकते?"

भेगाड्यांनी विचार केला. "समितीचा चहा येईपर्यंत."

"आणि विषय?"

"चहानंतर निघतो."

"मग डॉकच घ्या," दुकानदार म्हणाला. "आणि केबल बदलू नका हां. डॉकची डॉकलाच. दुसरी लावलीत तर आत जाईल, बसेल, दिवा लागेल, आणि काहीच होणार नाही."

"हे तर आमच्या समितीचं वर्णन झालं," भेगाडे म्हणाले आणि डॉक घेऊन निघाले.

पुढच्या बैठकीत चहा झाला, विषय निघाला, डॉक जोडला गेला. पडदा निळा झाला, आणि त्या निळ्यातून कालव्याचे पाणी व पुलाची कड हळूहळू वर येऊ लागली. भेग दिसायला क्षणाचा अवकाश होता, इतक्यात संगणक कक्षाचे प्रमुख उभे राहिले.

"ही डबी कुणाची?"

"माझी. मी विकत आणली."

"म्हणजे खाजगी." कक्षप्रमुखांनी कॉलरवरचा किडा उचलावा तशी ती डबी उपटली आणि पाकिटात घालून सील केली. "सरकारी यंत्रात खाजगी वस्तू घालता येत नाही. रीतसर मागणी करा. आम्हाला कळवा."

"आणि पूल?"

"पूल आमच्या कक्षात येत नाही."

रीतसर मागणी म्हणजे परिभाषा अधिकारी बाई. एकही परका शब्द असलेला अर्ज पुढे जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचे काम. आणि ते काम त्या दाराशी बसलेल्या कडक आजीबाईसारखे करत. भेगाड्यांनी लिहिले होते, 'मर्यादित पोर्ट असलेल्या लॅपटॉपसाठी एक डॉक.' बाईंनी लाल पेन उचलले. थोड्या वेळाने अर्जात असे दिसू लागले: 'मर्यादित बंदरे असलेल्या मांडीसंगणकासाठी एक गोदी.'

"बाई, याचा अर्थ वेगळा होतो हो."

"पोर्ट म्हणजे काय?"

"बंदर. पण—"

"डॉक म्हणजे?"

"गोदी. पण बाई, ही एवढीशी डबी आहे. साबणाच्या डबीएवढी."

"आकार हा भाषेचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या आणि सही केली.

अर्ज खरेदी शाखेत गेला. खरेदी शाखेने प्रामाणिकपणे शेरा मारला, की गोदी ही लेखनसामग्रीत मोडत नाही, ती बांधावी लागते. सबब प्रकरण बांधकामाकडे वर्ग. बांधकामाकडे आल्यावर तिथल्या साहेबांनी शोध घेतला, की पाण्याशी संबंधित कामे कोण बघतो. अशा रीतीने भेगाड्यांची मागणी फिरून भेगाड्यांच्याच टेबलावर आली. वर लिहिले होते, 'जागेची पाहणी करून गोदीचे तपशील त्वरित सादर करावेत.'

ते फाइल घेऊन मुख्य लिपिकांकडे गेले. मुख्य लिपिक त्या कार्यालयात इतकी वर्षे होते, की त्यांना विचारल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नसे.

"नाना, हे सगळं चुकीच्या दिशेनं चाललंय. मी लिहून देतो, की गोदी म्हणजे डबी."

"लिहा की," नाना म्हणाले. "मग ही फाइल बंद होईल. नवीन मागणी, नवीन क्रमांक. परत बाईंकडे जाल. परत बंदर होईल. तुमचा पूल थांबेल का तोवर?"

"नाही थांबणार."

"मग चालत्या फाइलच्या पायात पाय घालू नका. फाइल चालते आहे ना? कुठं का चालेना. साहेब, मी चुकीच्या दिशेनं गेलेल्या फाइली मुक्कामाला पोचलेल्या पाहिल्यात. बरोबर दिशेला निघालेल्या अजून माझ्या कपाटात आहेत."

भेगाड्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. काय वाट्टेल ते होवो, आपण खोटे लिहायचे नाही. तपशिलाच्या रकान्यात त्यांनी बंदराची रुंदी आणि उंची मोजून खरीखुरी लिहिली, मिलिमीटरमध्ये. तपासणी शाखेने एकक तेवढे सुधारले. मिलिमीटर हे माप खात्याच्या बांधकामांना शोभण्यासारखे नव्हते, सबब सगळीकडे मीटर वाचावे. 'एका वेळी किती जोडणार' या रकान्यात त्यांनी सहा लिहिले. त्याची सहा जहाजे झाली.

जलवाहतूक खात्याचे अधिकारी खुलाशासाठी स्वतः आले. हे शहर समुद्रापासून इतके आत होते, की त्या खात्याला इथे आजवर एकही काम मिळाले नव्हते. अधिकारी नव्या जावयासारखे हरखलेले होते.

"हा मांडीसंगणक कुठल्या जातीचा?" त्यांनी विचारले.

"हलक्या," भेगाडे म्हणाले.

"खोल पाण्याचा?"

"पाणी लागलं तर बंदच पडतो."

अधिकाऱ्यांनी मान डोलावून लिहून घेतले. "नाजूक. लाटांपासून संरक्षण पाहिजे. आणि मुक्कामाला किती वेळ थांबेल?"

"चार्ज होईपर्यंत."

"आणि माल कुठला असतो?"

"फोटो," भेगाडे म्हणाले. "पुलाच्या भेगांचे. साहेब, तेच तर मी सांगतोय, तो पूल—"

"नाशवंत माल," अधिकारी लिहीत म्हणाले.

जागा ठरवायला फार डोके लढवावे लागले नाही. खात्याच्या मालकीचे पाणी म्हणजे तो एकच कालवा, आणि कालव्यात रुंद जागा एकच, पुलाच्या खाली. नकाशावर गोदीची चौकट आखताना भेगाड्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा लबाडी उमटली. 'धोकादायक' हा शब्द त्यांनी आजवर अनेकदा लिहिला होता आणि तो कुणाच्याही अंगाला लागला नव्हता. या वेळी त्यांनी लिहिले, 'प्रस्तुत पूल सहा जहाजांच्या मार्गात आड येतो.'

एवढे वाक्य पुरले. पूल माणसांच्या अंगावर पडेल याची कुणाला फिकीर नव्हती. पण पूल जहाजांच्या वाटेत उभा आहे म्हटल्यावर खात्याला त्याचा उद्धटपणा सहन होईना. आठवड्याच्या आत पुलाच्या दोन्ही टोकांना अडथळे लागले. भेगाडे घरी आले ते शीळ घालत.

"पुलाला टाळं ठोकलंत म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "सुखानं दोन शब्द बोलायची तेवढी एक जागा होती."

"आई, तो पडणार होता."

"पडणार होता तर पडू द्यायचा. तुम्ही कशाला मधे?"

पाडायचे यंत्र आले. समिती खुर्च्या मांडून काठावर बसली. यंत्राने आपला हात नुकता कुठे हवेत उचलला होता, तोच पुलाचा मधला भाग आपण होऊन खाली बसला आणि पाण्याचा फवारा अध्यक्षांच्या बुटांपर्यंत आला. यंत्रचालक खाली उतरून म्हणाला, "मी अजून हात लावला नव्हता."

"नम्र आहे," अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणाले आणि यंत्रचालकाच्या कार्यक्षमतेची नोंद घ्यायला सांगितली. भेगाड्यांनी डोळे मिटले. त्यांना त्या पडलेल्या जागी सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी उभ्या दिसत होत्या, हसत, एकमेकींच्या हातावर टाळ्या देत. बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

गोदी बांधून झाली. चांगलीच झाली. जहाज मात्र आले नाही, आणि कुणी त्याची वाटही पाहिली नाही. गोदी बांधणे हे काम होते, जहाज आणणे हे वेगळ्या खात्याचे. लोकांना मात्र आता पलीकडे जायला मोठा वळसा पडू लागला. त्यांनी 'आमचा पूल परत द्या' असा मोर्चा काढला. सगळ्यात पुढे फलक धरून सासूबाई होत्या.

"आई, तुम्ही?" भेगाडे कार्यालयाच्या पायरीवरून म्हणाले.

"घरी तुम्ही जावई. इथं तुम्ही खातं," सासूबाई म्हणाल्या. "चांगला धडधाकट पूल पाडलात. होता तसाच पाहिजे आम्हाला. तुमचा नवा गुळगुळीत नको."

"होता तसाच," मागून आवाज आले.

अध्यक्षांना गहिवरून आले. पूल हुबेहूब बांधून देण्याचे त्यांनी जागच्या जागी कबूल केले. पण हुबेहूब म्हणजे कसा? जुने नकाशे कागदरहित धोरणात रद्दीत गेले होते. साऱ्या कार्यालयात पुलाची एकच नोंद उरली होती, भेगाड्यांच्या लॅपटॉपमध्ये.

त्यासाठी समितीची खास बैठक गोदीवरच भरवण्यात आली, लोकांच्या साक्षीने. मांडीसंगणक आता रीतसर गोदीत असल्यामुळे जोडणीला कुणाची हरकत राहिली नव्हती. कक्षप्रमुखांनी सील फोडून ती डबी स्वतःच्या हाताने परत दिली आणि 'गोदीचे सुटे भाग' म्हणून नोंदवली. गोदीच्या काँक्रीटच्या भिंतीवर चित्र पडले. पुलाचे पोट, आणि त्यात ती भेग, माणसाहून उंच, फांद्या फुटलेली. भेगाड्यांचा ऊर भरून आला. उशिरा का होईना, सगळे एकत्रितपणे पाहत होते.

"सुंदर," अध्यक्ष म्हणाले. "या रेघा पहिल्यापासून होत्या?"

"साहेब, त्या रेघा नाहीत. भेगा आहेत."

"पण होत्या ना?"

"होत्या."

"मग हुबेहूब म्हणजे हुबेहूब. नागरिकांना शब्द दिलाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "किती वर्षं गेले मी त्याच्यावरनं," त्या मैत्रिणीला म्हणाल्या, "पण खालनं कधी बघितलाच नव्हता."

भेगाड्यांनी लेखी विरोध नोंदवला. परिभाषा अधिकारी बाईंनी त्यातला 'क्रॅक' हा परका शब्द काढून तिथे 'नक्षी' घातली, आणि विरोध मंजुरीसारखा वाचला जाऊ लागला.

नवा पूल झाला. भेगा कोरायला खास मूर्तिकार आणला होता. कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वरून कळाव्यात म्हणून त्याने त्या कठड्यावर आणि पुलाच्या फरशीवरही उतरवल्या. लांबून लांबून लोक बघायला येऊ लागले. मधोमध, जिथे रेघा एकत्र येतात, तिथे उभे राहून फोटो काढायची पद्धतच पडली. गर्दी जितकी दाट तितका फोटो चांगला येतो.

कोरलेल्या रेघांच्या कडा गोलसर आहेत. अलीकडे तिथे एक रेघ आली आहे, तिची कड धारदार आहे. भेगाड्यांनी ती कळवली. उत्तर आले, की सदर पुलावर भेगा असणे मंजूर आराखड्यास धरूनच आहे. त्यातली कोरलेली कुठली आणि न कोरलेली कुठली हा कलेचा भाग असून बांधकामाचा नव्हे. सासूबाईंना त्यांनी हात जोडून सांगितले. त्या म्हणाल्या, "जावईबापू, आता तर दृष्ट लागावी असा झालाय, आता तरी त्याला नाव ठेवू नका."

म्हणून भेगाडे हल्ली सकाळीच पुलाच्या टोकाशी जाऊन उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन्ही हात वर करून ओरडून काही सांगतात. लोक हसून त्यांना म्हणतात, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

तुम्हीही तिथे जाऊन आला आहात. फोटो तुमच्या फोनमध्ये असेल. मोठा करून बघा, तुमच्या खांद्यामागे हात वर केलेला एक माणूस दिसेल. तुम्ही त्याच्याकडे बघून हात हलवला होता.